वाटेत हरवलेले व्होल्ट

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोरच्या टेबलावर तीन वस्तू ठेवल्या आहेत. एक साधा मल्टिमीटर, एक टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती धरून करंट मोजायचा चिमटा, आणि पाणी तापवायची १५०० वॉटची किटली. आज दुपारी चारला मी इथे आलो, तेव्हा चिटणीसांच्या परवानगीने या तिन्ही वस्तू वापरून सभागृहातली काही मापं घेतली आहेत. ती मी शेवटी सांगणार आहे, कारण त्यांचा अर्थ लागायला आधीचं थोडं बोलणं व्हायला हवं.

मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या मुलांना शिकवलं. ओहमचा नियम लिहा म्हटलं की चाळीसपैकी अडतीस मुलं बिनचूक लिहायची. विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, भागिले विद्युतधारा, म्हणजे करंट, बरोबर रोध. गणितंही सोडवायची. पण तीच मुलं दोन वर्षांनी कुणाच्या मळ्यावर मोटर बघायला गेली, की मीटर लावायची, २३० दिसले की म्हणायची, "सप्लाय ओके आहे, मोटरच गेली." नियम पाठ, मीटर हातात, आणि निदान चूक. हे का होतं याचा मी पुष्कळ विचार केला. त्याचं उत्तर मला मिळालं ते असं: व्होल्ट आणि अँपिअर ही दोन मापं एकाच वेळी, आणि वस्तू चालू असताना घ्यायची असतात, हे आम्ही त्यांच्या मनावर ठसवलंच नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायचं आहे.

आधी हिशेब. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे रोधाचं माप, मिळतात. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॉट मिळतात. दोन मापं, एक भागाकार, एक गुणाकार. भागाकाराचं नंतर बघू. गुणाकार का चालतो ते आधी सांगतो, कारण शाळेत तो नुसता सूत्र म्हणून येतो. अँपिअर म्हणजे दर सेकंदाला किती विद्युतप्रभार वायरमधून पुढे गेला, त्याचं माप. या प्रभाराचं एकक कूलोम. व्होल्ट म्हणजे त्यातल्या प्रत्येक कूलोमने किती ज्यूल ऊर्जा दिली, त्याचं माप. आता दर सेकंदाला अमुक इतके कूलोम, आणि दर कूलोममागे तमुक इतके ज्यूल. गुणलं की दर सेकंदाला किती ज्यूल ते आलं. त्यालाच वॉट म्हणतात. बाजारात रोज किती पोती आली आणि दर पोत्याला काय भाव मिळाला, हे कळलं की रोजची उलाढाल कळते, तसंच.

घरातला दोन हजार वॉटचा गीझर घ्या. २३० व्होल्टवर तो ८.७ अँपिअर घेतो. २३० भागिले ८.७ केलं की साधारण साडेसव्वीस ओहम येतात. गीझरच्या कॉइलमध्ये नायक्रोम असतो, म्हणजे निकेल आणि क्रोमिअमचा मिश्रधातू. त्याचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही. म्हणून हे साडेसव्वीस ओहम म्हणजे त्या गीझरची ओळखच समजा. आता उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरून १८० झालं. करंट किती? १८० भागिले साडेसव्वीस, म्हणजे ६.८. आणि वॉट? १८० गुणिले ६.८, म्हणजे १२२५ च्या आसपास. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी उतरलं, पण ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेली. कारण व्होल्टही कमी झाले आणि त्याच्याबरोबर अँपिअरही. "गीझर जुना झाला, पाणी तापत नाही" म्हणून नवा आणण्याआधी हा हिशेब एकदा करावा.

आता भागाकाराकडे येतो. मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक प्रयोग करायला लावायचो. जुना, तारेचा, शंभर वॉटचा बल्ब घ्या. मल्टिमीटर ओहमवर लावून त्याचा रोध मोजा. चाळीसच्या आसपास आकडा येतो. आता तोच बल्ब होल्डरमध्ये लावून पेटवा आणि करंट बघा. ०.४३ अँपिअर. २३० भागिले ०.४३ म्हणजे ५३० च्या जवळपास ओहम. एकच बल्ब, एकच तार, आणि रोधाचे आकडे दोन: चाळीस आणि पाचशे तीस! मुलं म्हणायची, "सर, मीटर बिघडलाय." मीटर बिघडलेला नसतो. थंड टंगस्टनचा रोध वेगळा आणि अडीच हजार अंशांना पेटलेल्या टंगस्टनचा वेगळा. मीटरने ओहम मोजताना आत छोटी बॅटरी असते, ती इतका थोडा करंट सोडते की तारेला गरम झाल्याचं कळतही नाही. बल्ब बहुतेकदा बटण दाबताक्षणीच का उडतो, याचंही उत्तर इथेच आहे. त्या क्षणी तार थंड असते, चाळीस ओहमची असते, आणि पाच-सहा अँपिअरचा धक्का तिला बसतो.

म्हणजे झोपलेल्या वस्तूचा रोध आणि काम करत असलेल्या वस्तूचा रोध हे एक धरून चालायचं नाही. जे काम करताना घडतं ते कामावर असतानाच मोजायचं.

इथे बरेच शेतकरी बसले आहेत, म्हणून ठिबकाचं उदाहरण घेतो. फिल्टरच्या आधी एक प्रेशर गेज असतो, नंतर एक असतो. व्हॉल्व्ह बंद करून ठेवला आणि पाणी वाहतच नसेल, तर दोन्ही गेज सारखाच आकडा दाखवतात. फिल्टर गाळाने गच्च भरलेला असला तरी! व्हॉल्व्ह उघडला, पाणी धावायला लागलं, की मगच पुढचा काटा पडतो. चोक झालेला फिल्टर वाहत्या पाण्यातच पकडता येतो. हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही रोज सकाळी तेच बघता. विजेचंही अगदी असंच आहे. वायरमध्ये जिथे रोध लपलेला आहे, तिथे किती व्होल्ट खर्ची पडतात? करंट गुणिले रोध. करंट शून्य असेल तर गुणाकार शून्य. म्हणजे मोटर बंद असताना तुम्ही विहिरीवर जाऊन मीटर लावला, तर सडलेल्या जोडाच्या पलीकडेही तो पूर्ण २३० दाखवणार. टेस्टरही पेटणार. आणि आपण म्हणणार, सप्लाय ओके आहे.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. १९८६ सालचा उन्हाळा. मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमची वस्ती मळ्यात, आणि वस्तीवरच्या मीटरपासून विहीर दीडशे मीटर लांब. एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर होती. त्या उन्हाळ्यात ती दोनदा जळाली. पहिल्यांदा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, नवी करून आणली. पाच आठवड्यांत पुन्हा धूर. अण्णा तालुक्याला गेले आणि वाइंडिंगवाल्याला नको नको ते बोलून आले. हलकी तार वापरलीस, पैसे पूर्ण घेतलेस, असं सगळं. तो बिचारा शपथा घेत होता. मी आयटीआयला जाणारा, घरातला शहाणा, मीटर घेऊन विहिरीवर गेलो, वायरीच्या टोकाला लावला, २२८ व्होल्ट आले. मी अण्णांना सांगितलं, "लाइट व्यवस्थित आहे, वाइंडिंगच खराब." त्या माणसावर झालेल्या अन्यायात माझाही वाटा होता. ही गोष्ट मला आजही लागते.

सोमवारी वर्गात मी हे सरांना सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "लोडवर किती होते?" मी गप्प. मोटर तर जळालेली, लोड आणायचा कुठून? सर रविवारी सायकलवरून आमच्या मळ्यात आले. पिशवीत टाँग टेस्टर, दोन मीटर आणि पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड. मोटरच्या जागी त्यांनी वायरीच्या टोकाला तो रॉड जोडला आणि पाण्याने भरलेल्या बादलीत सोडला. अण्णा बघत राहिले. विहिरीच्या काठावर बसून हा माणूस पाणी का तापवतोय, हे त्यांना उमगेना.

रॉडच का? कारण रॉड हा नुसता रोध आहे. मोटरमध्ये चुंबकाचा खेळ असतो, तिथे व्होल्ट आणि अँपिअरच्या लाटा मागेपुढे होतात, आणि साधी वजाबाकी फसवते. रॉडमध्ये तसं काही नाही. तिथे भागाकार सरळ चालतो.

मला मीटरपेटीपाशी उभं केलं, ते विहिरीपाशी. मी ओरडून आकडा सांगितला: २२८. तिकडून आवाज आला: २०७. टाँग टेस्टरवर ५.९ अँपिअर. सरांनी बादलीशेजारच्या मातीत काडीने हिशेब मांडला. २२८ उणे २०७, एकवीस व्होल्ट वाटेत गेले. एकवीस भागिले ५.९, साडेतीन ओहमहून किंचित जास्त. हा वाटेचा रोध. मग म्हणाले, "आता तांब्याला विचारू, तुझा किती?" तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार शंभर मीटर घेतली, तर तिचा रोध १.७२ ओहम भरतो. आमची वायर अडीचची होती, म्हणजे शंभर मीटरला ०.६९. जायचे दीडशे आणि यायचे दीडशे, एकूण तीनशे मीटर. रोध दोन ओहमच्या जरासा वर. इथे जाणं-येणं दोन्ही धरायचं असतं, हे कितीतरी जाणकार माणसंही विसरतात.

वायर म्हणते माझे दोन, आणि माप म्हणतं साडेतीन. मग हे वरचे दीड ओहम कुणाचे?

आम्ही वायर हाताखालून घालत निघालो, अर्थात सप्लाय बंद करून. तिसऱ्या खांबापाशी काळी टेप गुंडाळलेला एक जोड सापडला. मागच्या पावसाळ्यात तिथे वायर तुटली होती, आणि कुणीतरी ॲल्युमिनिअमचा हातभर तुकडा तांब्याला नुसता पिळून बसवला होता. टेप सोडली तर आत पांढरी-हिरवी भुकटी. तांबं आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना चिकटून ओलाव्यात राहिले की ॲल्युमिनिअम झिजतं आणि मध्ये रोधाचा थर धरतो. बाहेरून जोड घट्ट दिसतो, आतून पोकळ झालेला असतो. तो तुकडा काढून तांब्याला तांबं जोडलं, पक्कं पिळून डाग दिला. पुन्हा बादली, पुन्हा रॉड. ६.१ अँपिअर, आणि विहिरीवर २१५ व्होल्ट. वाटेत आता फक्त तांब्याचा स्वतःचाच खर्च उरला होता.

मोटरला दुसऱ्यांदा वाइंडिंग झालं, त्याच कारागिराकडे. अण्णा स्वतः गेले, आणि त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून "माझं चुकलं" म्हणाले. ती मोटर त्यानंतर अकरा वर्षं चालली.

आता तुम्ही विचाराल, दीड ओहमने एवढी मोटर कशी जळते? इथे गीझर आणि मोटर यांचे स्वभाव उलटे आहेत, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. गीझरला व्होल्टेज कमी मिळालं की तो करंटही कमी घेतो आणि निमूटपणे कमी तापतो. मोटरचं तसं नाही. पाणी जेवढ्या उंचीवर चढवायचं तेवढं चढवायचंच आहे, ओझं तेच आहे. व्होल्ट कमी पडले तर ती ते काम अँपिअर वाढवून भागवायला बघते. संध्याकाळी मीटरवरच २०५ आले, तर आमच्या विहिरीवर १८० उरायचे. करंट साधारण पाव पटीने वाढायचा. आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सव्वापट करंट म्हणजे दीडपटीहून जास्त उष्णता. तारेवरचा एनॅमलचा, म्हणजे वार्निशसारखा थर किती दिवस टिकणार?

त्याहून वाईट सुरुवातीचा क्षण. थांबलेली मोटर उठताना चालू करंटच्या पाच-सहा पट मागते. सात अँपिअरची मोटर पस्तीस मागते. साडेतीन ओहममधून पस्तीस अँपिअर जायचे, तर १२० व्होल्ट वाटेतच लागतील. मग तेवढा करंट तिला मिळतच नाही, ती उठत नाही, नुसती गुणगुणते, आणि गुणगुणत असताना आतल्या आत भाजते. तुमच्यापैकी ज्यांच्या मोटरी संध्याकाळी गुणगुणतात, त्यांनी कंडेन्सर बदलण्याआधी वाटेचे जोड बघावेत.

हे वर्गाचं गणित कुठून आलं? व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. आणि व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. एक दुसऱ्यात घातलं की अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम. १८४० च्या सुमाराला इंग्लंडात मँचेस्टरजवळ जेम्स ज्यूल नावाच्या तरुणाने पाण्यात तार बुडवून, करंट सोडून, थर्मामीटरने हे मोजून दाखवलं. त्याच्या घरचा धंदा बीअर गाळण्याचा. विद्यापीठाची कुठलीही जागा त्याच्याकडे नव्हती. पाण्यात तार बुडवून मोजणारा हा माणूस, आणि बादलीत रॉड सोडणारे आमचे सर, यांचं नातं मला फार जवळचं वाटतं.

आणि ओहमचं तर विचारूच नका. गेओर्ग ओहमचा जन्म १७८९ सालचा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. बाप कुलपं बनवणारा कारागीर. पोरगा कोलोनच्या शाळेत मास्तर झाला. वायरीतून किती करंट जातो हे त्याला मोजायचं होतं. आज हे सोपं वाटतं, कारण आपल्याकडे मीटर आहे. त्याच्याकडे मीटर नव्हता, आणि ज्यातून वीज घ्यायची ती त्या काळची बॅटरीही धड नव्हती. जोडली की तिचा जोर ओसरत जायचा. म्हणजे मोजायला घेतलेली वस्तू स्थिर, पण देणाराच डळमळता. पोगेनडोर्फ नावाच्या, विज्ञानाच्या नियतकालिकाच्या संपादकाने त्याला सुचवलं की बॅटरी सोड, आणि दोन धातूंच्या जोडाचा उपयोग कर. तांबं आणि बिस्मथ जोडायचं, एक जोड उकळत्या पाण्यात ठेवायचा, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्हीकडची तापमानं हलत नाहीत, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. १८२६ साली ओहमने दोन इंचांपासून १३० इंचांपर्यंत तांब्याच्या तारेचे आठ तुकडे एकामागून एक त्यात जोडले आणि चुंबकसूची किती वळते ते टिपलं.

त्याला जे सूत्र मिळालं ते आपल्या पुस्तकातल्यासारखं नव्हतं, आणि मला तेच जास्त आवडतं. त्याने लिहिलं की करंट मिळवायला एका ठरावीक आकड्याला दोन गोष्टींच्या बेरजेने भागा: तारेची लांबी, अधिक आणखी एक ठरावीक आकडा. वरचा आकडा म्हणजे विजेचा जोर. आणि खाली तारेच्या लांबीबरोबर मिळवायचा तो आकडा म्हणजे बाकी सगळ्या मंडलाचा रोध: जोड, टोकं, आतल्या पट्ट्या, सगळं. म्हणजे आपण मोजतोय त्या तारेखेरीज वाटेत आणखी काहीतरी बसलेलं असतं आणि ते हिशेबात धरलं नाही तर गणित जुळत नाही, हे ओहमने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. शाळेच्या पुस्तकांनी तो दुसरा आकडा गाळून टाकला आणि नियम सुटसुटीत केला. आमच्या तिसऱ्या खांबावरचा जोड त्या गाळलेल्या आकड्यात बसलेला होता.

१८२७ साली त्याने पुस्तक काढलं. त्याच्या देशात त्याचं स्वागत थंडच झालं. त्याने नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं हलाखीत काढली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला १८५२ साली, आणि १८५४ साली गेला. रोधाच्या एककाला ओहम हे नाव १८८१ च्या पॅरिसच्या परिषदेत पक्कं झालं. ते ऐकायला तो नव्हता.

असो. वर्गाचं गणित आपल्याच राज्यात किती मोठ्या प्रमाणावर वापरलं आहे ते बघा. चंद्रपूरला कोळसा, तिथे वीजकेंद्र. वीज लागते मुंबई-ठाण्याला. मधलं अंतर साडेसातशे किलोमीटर. चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक लाइन आहे, १९९९ साली सुरू झालेली. ती एसी, म्हणजे घरातल्यासारखी दिशा बदलत राहणारी नव्हे, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी आहे. एक वायर जमिनीच्या मानाने पाच लाख व्होल्ट वर, दुसरी पाच लाख व्होल्ट खाली. दोन्हींतलं अंतर दहा लाख व्होल्ट. क्षमता १५०० मेगावॉट. आता आपला भागाकार करा. दीडशे कोटी वॉट भागिले दहा लाख व्होल्ट. उत्तर दीड हजार अँपिअर. एवढ्या मोठ्या मुलखाला पुरवायची वीज, आणि वायरीत फक्त दीड हजार अँपिअर!

हीच वीज २३० व्होल्टवर पाठवायची म्हटली तर पासष्ट लाख अँपिअर लागतील. आता पुन्हा दहा लाख व्होल्टच्या लाइनकडे. समजा, तिच्या जाण्यायेण्याच्या वायरीचा रोध पंधरा ओहम ठेवला. दीड हजाराचा वर्ग गुणिले पंधरा, म्हणजे ३४ मेगावॉटच्या आत-बाहेर वाटेत जातील. पंधराशेतले चौतीस, सव्वादोन टक्के. व्होल्टेज निम्मं केलं असतं तर अँपिअर दुप्पट झाले असते आणि नुकसान चौपट. उंच मनोरे आणि लांबच लांब इन्सुलेटरच्या माळा हा सगळा खटाटोप अँपिअर कमी ठेवण्यासाठी आहे. वायरीला व्होल्ट जाळत नाहीत, अँपिअर जाळतात.

दोन खबरदारीच्या गोष्टी, आणि त्या मी घाईत सांगणार नाही.

पहिली गोष्ट मोटरीची. मोटर, जुना पंखा, चोकची ट्यूब यांच्या बाबतीत नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर हा गुणाकार खरे वॉट देत नाही, जास्त देतो. २३० व्होल्टवर सात अँपिअर म्हणजे १६१० झाले, पण ते व्होल्ट-अँपिअर झाले. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या वॉटचा वाटा, ०.८ असेल तर खरे वॉट १२९० च्या आसपास. घरगुती बिलात युनिट मोजलं जातं ते खऱ्या वॉटचं. वायर मात्र पूर्ण सात अँपिअरनेच तापते. म्हणून वायरीची जाडी निवडताना अँपिअर बघा, आणि युनिटचा हिशेब करताना वॉट.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. मल्टिमीटरमध्ये लाल पिन लावायला दोन वेगळी भोकं असतात. एक व्होल्टचं, एक दहा अँपिअरचं. अँपिअरच्या भोकात पिन ठेवून जर तुम्ही प्रोब सॉकेटमध्ये घातले, तर तो थेट शॉर्टसर्किट आहे, कारण करंट मोजताना मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो. डोळ्यांसमोर भडका उडतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या तळहाताची कातडी मी त्यात गेलेली पाहिली आहे. घरातल्या वायरीचा करंट मोजायचा तर टाँग टेस्टरनेच मोजा. त्यात वायर तोडावी लागत नाही, नुसता जबडा वायरीभोवती धरायचा. पण एकाच वायरीभोवती. फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घेतल्या तर तो शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडून काढतात. शून्य बघून वायर बंद आहे असं समजून हात घातला, तर काय होईल ते सांगायला नको. आणि बोर्ड उघडायचं काम परवाना असलेल्या वायरमनचं. तुम्ही सॉकेटवरचं माप घ्या, पुढचं त्याच्यावर सोपवा.

आता या सभागृहातली मापं.

माझ्या डाव्या हाताला भिंतीवर जो सॉकेट आहे, ज्यावर कार्यक्रमाच्या वेळी चहाची किटली लावतात, तिथे दुपारी काहीही चालू नसताना २३४ व्होल्ट होते. उत्तम. मग मी ही किटली लावली. करंट आला ६.३ अँपिअर, आणि सॉकेटवर व्होल्ट उरले २२२. बारा व्होल्ट पडले. त्यातले किती बाहेरच्या लाइनचे आणि किती आतले, हे बघायला किटली चालूच ठेवून तुमच्या वायरमननी मेन बोर्डावर मीटर लावला. तिथे २३१. म्हणजे तीन व्होल्ट बाहेरचे, त्यांची काळजी नको. उरलेले नऊ व्होल्ट मेन बोर्ड आणि हा सॉकेट यांच्यामध्ये जातात.

नऊ भागिले ६.३, जवळजवळ दीड ओहम. बोर्डापासून इथपर्यंत वायर पंधरा मीटर, दीडची, तांब्याची. जाणं-येणं तीस मीटर. तांब्याचा स्वतःचा रोध होतो साधारण एक तृतीयांश ओहम, आणि त्यात पडायला हवेत दोन-सव्वादोन व्होल्ट. मग जवळपास सात व्होल्ट कुठे जातात? तुम्ही सगळे आता हा हिशेब करू शकता. सात गुणिले ६.३, चव्वेचाळीस वॉट. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा डाग द्यायचा आयर्न पंचवीस वॉटचा असतो आणि त्यावर कथील क्षणात वितळतं. इथे चव्वेचाळीस वॉट एखाद्या स्क्रूच्या टोकावर किंवा पिनेच्या पकडीत बसून तापत आहेत, प्लॅस्टिकच्या मधोमध, लाकडी पट्टीला लागून. मी किटली दहा मिनिटांनी काढली तेव्हा प्लगच्या पिना बोट ठेववत नाही इतक्या गरम होत्या, आणि सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलेलं आहे. फ्यूज यात कधीच उडणार नाही, एमसीबीही पडणार नाही, कारण करंट ६.३ च आहे, त्यांच्या मर्यादेत आहे.

वायरमननी त्या सॉकेटची लाइन साडेचारलाच बंद करून ठेवली आहे. आजचा चहा म्हणून गॅसवर झाला, आणि त्यामुळे उशीर झाला, त्याबद्दल व्यवस्थापकांनी मला क्षमा करावी. शेजारच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत याच लाइनवर आणखी दोन सॉकेट आहेत, ती मी अजून तपासलेली नाहीत. किटली आणि मीटर मी इथेच ठेवून जातो. उद्या सकाळी वाचनालय उघडल्यावर कुणी दोघं-तिघं थांबणार असाल तर मीही येतो, आणि ती मापं आपण मिळून घेऊ.